कुणाचा माणूस?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की शहराच्या कडेला आधी हवा बदलते आणि मग पाटी दिसते : सिलतरा. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिला, फेरो अलॉयचे कारखाने. झाडांच्या पानांवर, घरांच्या पत्र्यांवर, तळ्याच्या पाण्यावर काळी पूड बसलेली. पाळी बदलायच्या वेळी फाटकांपाशी माणसं जमतात. काही आसपासच्या गावांतून सायकलीवर आलेली, तर पुष्कळशी बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशातून येऊन इथेच खोल्यांत राहणारी. सगळे भट्टीवरच जातात असं नाही. कुणी कँटीनमध्ये पोळ्या लाटतो, कुणी आवार झाडतो, कुणी गेस्ट हाउसच्या चादरी धुतो, कुणी रात्रभर फाटक राखतो. नवा चेहरा दिसला की त्याला विचारतात, "किसका आदमी है?"

त्याचं नाव, गाव कुणी विचारत नाही. कोणतं काम येतं, तेही नाही. उत्तरात ठेकेदाराचं नाव यावं लागतं. ते बरोबर असलं की फाटक उघडतं. मला आज या एका प्रश्नापाशीच थोडं थांबायचं आहे. कंत्राटी कामगाराची मजुरी किती, नोकरी किती दिवसांची, आजारी पडला तर औषध कोण देणार, या सगळ्यांची उत्तरं या तीन शब्दांत आधीच दिलेली असतात.

शाळेत आपण षष्ठी विभक्ती शिकतो. चा, ची, चे. षष्ठीने संबंध कळतो, एवढं पाठ असतं. पण संबंध एकाच जातीचा नसतो. 'शेतकऱ्याचा बैल' यात मालकी आहे. 'आईचा मुलगा' यात नातं आहे. 'सोन्याची अंगठी' यात घडण आहे. प्रत्यय तोच, अर्थ निराळा. मग 'ठेकेदाराचा माणूस' ही कोणती षष्ठी?

सुरुवात नात्याने होते. ठेकेदार किंवा त्याचा मुकादम बहुधा गावाकडचाच, ओळखीतला, कधी भावकीतला. त्याने घरी उचल दिलेली असते, रेल्वेचं तिकीट काढून दिलेलं असतं, परक्या मुलखात खोली दाखवलेली असते. म्हणून माणूस आपखुशीने म्हणतो, मी त्याचा. हे खोटं नसतं. पण पगाराच्या दिवशी त्याच षष्ठीचा अर्थ बदलतो. हजेरी त्याच्या वहीत असते, एटीएम कार्डही पुष्कळदा त्याच्याच खिशात असतं. नात्याच्या शब्दात मालकी शिरते आणि ती कधी शिरली हे कळतही नाही.

या षष्ठीची किंमत एकदा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात लिहिली गेली आहे. 1982 साली दिल्लीत आशियाई खेळांसाठी मैदानं, पूल, वसतिगृहं उभी राहत होती. दूरदूरच्या राज्यांतून आणलेले मजूर ते काम करत होते. दिवसाची किमान मजुरी होती 9 रुपये 25 पैसे. हातात पडत 8 रुपये 25 पैसे. मधला एक रुपया जमादाराचा. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संस्थेने न्यायालयाला पत्र लिहिलं, तीच याचिका झाली आणि 18 सप्टेंबर 1982 ला न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला : किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत राबवून घेणं ही घटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने बंद केलेली वेठबिगारीच आहे, कारण भूक आणि नाइलाज हीसुद्धा सक्ती असते. या निकालाचं मोल मोठं आहे. मला मात्र तो रुपया आठवत राहतो. 'कुणाचा माणूस' या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी मजूर रोज एक रुपया भरत होता.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. माणूस ठेकेदाराचा असेल, पण काम कुणाचं? ज्याच्या आवारात झाडू फिरतो, ज्याच्या कँटीनमध्ये चूल पेटते, ज्याच्या फाटकावर पहारा असतो, त्याचं. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने हे ओळखलं होतं. ठेकेदाराच्या मागे उभ्या असलेल्या या मालकाला कायद्याने 'मुख्य मालक' असं वेगळं नाव दिलं. ठेकेदार मजुरी वाटेल तेव्हा मुख्य मालकाचा माणूस साक्षीला हजर हवा. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ते मुख्य मालकाने भरायचे. कायम कामगार करतो तेच काम कंत्राटी कामगार करत असेल तर त्याला मजुरीही तीच, असं त्या कायद्याखालच्या नियमांत होतं. म्हणजे कायद्याने षष्ठीला दुसरं टोक जोडलं : हा ठेकेदाराचा, पण आवाराचाही.

हे दुसरं टोक सुटं कसं करतात, हे मुंबईने पाहिलं. शहराचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांत मराठवाड्याच्या दुष्काळी गावांतून आलेले भूमिहीन दलित मोठ्या संख्येने होते. 1970 चा कायदा वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे लागू होई. म्हणून कामाचे तुकडे पाडले गेले, प्रत्येक तुकड्यात वीसच्या आत माणसं. पुढे ठेकेदाराच्या जागी कागदावर स्वयंसेवी संस्था आल्या. मग कामगार झाले 'स्वयंसेवक' आणि मजुरी झाली 'मानधन'. कचरा तोच, गाडी तीच, पहाटेची वेळ तीच. फक्त शब्द बदलले आणि माणूस कुणाचाच उरला नाही. शब्दांची ही किमया मला फार क्रूर वाटते. स्वयंसेवक आणि मानधन हे आपल्या सार्वजनिक जीवनातले सुंदर शब्द. ते अशा कामाला जुंपले गेले.

मिलिंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने या कामगारांना एकत्र आणलं. संघाने पहिल्यापासून कागद जमवायला शिकवलं. गाडीवर कोण होतं, कोणत्या वॉर्डात, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने. वर्षानुवर्षांच्या या पुराव्यांवर औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 साली 2,700 कामगारांच्या बाजूने निकाल दिला. उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि 7 एप्रिल 2017 ला सर्वोच्च न्यायालयानेही. ठेका हा देखावा होता, कामगार पालिकेचेच, हे ठरलं. आणि तरीही शेकडो जणांची नेमणूक पुढे अडून राहिली, कारण त्यांचं नाव एका कागदावर एका तऱ्हेने लिहिलेलं होतं आणि दुसऱ्यावर दुसऱ्या. आडनावातलं एखादं अक्षर, बापाच्या नावातली एखादी मात्रा. आयुष्यभर ज्यांचं नाव कुणी विचारलं नव्हतं, त्यांना शेवटी ते बिनचूक लिहिलेलं नाही म्हणून थांबवलं गेलं.

इथे षष्ठीचा तिसरा अर्थ दिसू लागतो. मालकी आणि नातं यांच्यापलीकडे एक नोंदीचा संबंध असतो. 'शाळेचा विद्यार्थी' म्हणजे ज्याचं नाव शाळेच्या पटावर आहे तो. शाळा त्याची मालक नाही, नातलगही नाही. पण पट आहे म्हणून त्याचा हक्क आहे आणि मास्तर बदलले तरी तो विद्यार्थीच राहतो. कामगाराला हवी ती ही षष्ठी. ठेकेदार दर वर्षाला, कधी सहा महिन्यांना बदलतो. टेंडर निघतं, नवी पाटी लागते. नाव ठेकेदाराच्या पटावर असेल तर पाटीबरोबर तेही पुसलं जातं. मग वीस वर्षं झाडलेलं आवार असलं, तरी माणूस दर वेळी पहिल्या दिवसाचाच.

न्यायालयंही या ठिकाणी अडखळली आहेत. इमारती झाडणं, पुसणं, राखणं या कामांत कंत्राटी पद्धत नको, अशी अधिसूचना केंद्र सरकारने 1976 मध्येच काढली होती. त्या आधारे एअर इंडियाच्या सफाई कामगारांनी दाद मागितली. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंत्राटी पद्धत बंद झाली तर कामगार आपोआप मुख्य मालकाचा होतो. पाचच वर्षांनी, 30 ऑगस्ट 2001 ला, घटनापीठाने हे फिरवलं. भिलाईचा पोलाद कारखाना जिच्या मालकीचा, त्या स्टील अथॉरिटीचाच तो खटला. न्यायालय म्हणालं, पद्धत बंद झाली म्हणून नोकरी आपोआप मिळत नाही. ठेका बनावट असेल तर ते सिद्ध करा. एक षष्ठी कापली गेली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्यांच्या जागी नवी श्रम संहिता लागू झाली आहे. वीसचा आकडा आता पन्नास आहे. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नको, असं ती म्हणते, पण मुख्य कोणतं नाही याची यादीही देते. त्या यादीत सफाई आहे, पहारा आहे, कँटीन आहे, बाग आहे, धुलाई आहे, हमाली आहे. म्हणजे विद्यापीठ असो, इस्पितळ असो की सिलतऱ्याचा कारखाना, आवार चालतं ठेवणारी जवळजवळ सगळी कामं आवाराची नाहीत, असं आता कायद्याच्या भाषेतच लिहिलं आहे. तरी वाट पुरती बुजलेली नाही. डिसेंबर 2024 मध्ये न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या पीठाने, केंद्रीय जल आयोगाचं कार्यालय वर्षानुवर्षं झाडणाऱ्या आणि तिथली बाग राखणाऱ्या कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. काम कायमचं आणि माणूस मात्र सदा तात्पुरता, ही रीत सरकारला शोभत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे.

षष्ठी गळून पडते तेव्हा काय होतं, ते 2020 च्या टाळेबंदीत सगळ्यांनी पाहिलं. जालन्याचे लोखंडाचे कारखाने आणि सिलतऱ्याचे कारखाने एकाच जातकुळीचे. तेच लोखंड, तशाच खोल्या, तसेच बाहेरून आलेले मजूर. 8 मे च्या पहाटे जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. कामावर होते तोवर कुणाचे तरी होते. काम थांबलं आणि ते ठेकेदाराचे राहिले नाहीत, कारखान्याचे कधीच नव्हते, राज्याचे तर नव्हतेच. त्या सप्टेंबरात केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी उपलब्ध नाही. वास्तविक आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 पासून कायदा होता. फोटो चिकटवलेलं पासबुक प्रत्येकाला द्यायचं, प्रवासखर्च द्यायचा, घर सोडून आल्याबद्दल वेगळा भत्ता द्यायचा, असं त्यात होतं. ती पासबुकं हातात असती, तर देशाला आपले मजूर मोजता आले असते.

मग नोंद करायची कुठे? ठेकेदाराकडे नको, मुख्य मालक करत नाही. महाराष्ट्राने याचं एक उत्तर फार पूर्वी शोधलं आहे आणि आपल्याला त्याची पुरेशी जाण नाही असं मला वाटतं. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात ओझी वाहणारे माथाडी बहुतेक सातारा-पुण्याच्या डोंगराळ गावांतून आलेले. आज या गाळ्यावर, उद्या त्या वखारीत. एक मालक म्हणून दाखवताच येत नाही, अशी त्यांची गत. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पुण्यात त्यांना उभं केलं. त्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. त्याची युक्ती साधी आहे. कामगाराचं नाव व्यापाऱ्याकडे नाही, मंडळाकडे. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुरी देतं, लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधोपचार चालवतं. गाळा बदलला, व्यापारी बदलला, तरी पट तोच. 1981 मध्ये हीच कल्पना खासगी सुरक्षारक्षकांना लावली गेली. या मंडळांत दोष शिरले, सवलती दिल्या गेल्या, सगळं खरं. पण मुद्दा सिद्ध झाला : मालक एक नसला तरी माणसाला नोंद देता येते. त्याला 'कामाचा' माणूस म्हणून लिहिता येतं. मराठीत 'कामाचा माणूस' म्हणजे ज्याच्यावाचून अडतं तो. कायद्याने तोच अर्थ घेतला.

इथपर्यंत आल्यावर वाटेल की सगळं उत्तर नोंदवहीत आहे. तसं नाही. यादी दुधारी असते. लंडनच्या ज्या प्राच्यविद्या संस्थेत इयान रेसाइड यांनी मराठी शिकवली, त्या सोआसमध्ये लॅटिन अमेरिकेतून आलेले सफाई कामगार जगण्याजोग्या वेतनासाठी संघटित झाले होते. 12 जून 2009 ला त्यांना ठेकेदार कंपनीने बैठकीला म्हणून सकाळीच बोलावलं. खोलीत आधीच दडलेले इमिग्रेशन खात्याचे अधिकारी पुढे आले आणि नऊ जणांना ताब्यात घेतलं. नावं तिथेही लिहिलेली होती. पण ती वही दुसऱ्याच्या हातात होती.

म्हणून पहिली वही स्वतःची हवी. दल्ली राजहराच्या लोखंडखाणींनी हे देशाला दाखवलं. त्या खाणी भिलाईच्या कारखान्याला खनिज पुरवतात. 1977 साली तिथल्या कंत्राटी मजुरांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ काढला आणि शंकर गुहा नियोगींना नेता केलं. नियोगी स्वतः बाहेरचे, बंगालमधल्या जलपाईगुडीकडचे. मूळ नाव धीरेश. भूमिगत असताना खाणीत मजुरी करताना घेतलेलं 'शंकर' हे नाव पुढे कायम झालं. मागण्या ऐकल्या तर आजही आश्चर्य वाटतं : पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारायला बांबूंसाठी शंभर रुपये, आणि काम नसेल त्या दिवसाचीही मजुरी. दुसऱ्या मागणीत सगळं आलं. काम नसतानाही मी तुमचाच आहे, हे मान्य करा. त्या जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मेले. संघटना मोडली नाही. 3 जून 1983 ला कामगारांनी त्यांच्या आठवणीत शहीद हॉस्पिटल उघडलं, स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून. वर्गणीच्या पावतीवर जे नाव लिहिलं जातं ते कुणी पुसू शकत नाही, कारण वहीही आपली आणि शाईही आपली.

1990 च्या सुमारास हीच चळवळ भिलाई, टेडेसरा आणि सिलतऱ्याच्या शेजारच्या उरल्यापर्यंत पोचली. कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांच्या मागण्या होत्या जीने लायक वेतन, कायम नोकरी आणि संघटनेचा हक्क. 28 सप्टेंबर 1991 ला नियोगींची भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली. कामावरून काढलेल्यांना परत घ्या म्हणून 1 जुलै 1992 ला भिलाई पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि पंधरांहून अधिक जण गेले. आजचा सिलतरा या इतिहासाच्या हाकेच्या अंतरावर आहे.

आणि तरी तिथे संघटना उभी राहणं कठीण आहे. कारण षष्ठी आणखी बारीक चिरली गेली आहे. हा अमक्या ठेकेदाराचा, तो तमक्याचा. हा बिहारचा, तो ओडिशाचा. आणि सगळ्यात खोल रेघ : गावचा आणि 'परदेसिया'. ज्यांच्या जमिनींवर कारखाने उभे राहिले, त्या गावांतली पोरं विचारतात, धूळ आमच्या वाट्याला, मग नोकरी बाहेरच्याला का? प्रश्न रास्त आहे. बाहेरचा स्वस्त पडतो, धान कापायला घरी जात नाही, भांडायला त्याच्यामागे गाव नसतं. म्हणून तो हवा असतो. म्हणजे त्याचं परकेपण हीच त्याची किंमत कमी असण्याची सबब. पण त्याला हाकलून ही किंमत वाढणार नाही. त्याची मजुरी वाढली, त्याच्यामागेही कुणी उभं राहिलं, तरच गावच्या पोरालाही भाव येईल. जो छत्तीसगढही आपली माणसं वीटभट्ट्यांवर उत्तरेकडे पाठवतो, त्याला हे समजावून सांगावं लागू नये. इथला गावचा तिथे परदेसियाच असतो.

2017 या एकाच वर्षात, एप्रिलमध्ये मुंबईचे 2,700 कामगार जिंकले, जूनमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सफाई कामगारांनी संप करून ठेकेदारी संपवण्याचं आश्वासन मिळवलं, आणि ऑगस्टमध्ये सोआसनेही आपली सफाई थेट स्वतःकडे घ्यायचं मान्य केलं. लंडन स्कूल म्हणजे बाबासाहेब आंबेडकर जिथे शिकले ते आवार. झाडणारे होते आफ्रिका, कॅरिबियन बेटं, लॅटिन अमेरिकेतून आलेले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आजारपणाची रजा, सुट्टी, निवृत्तिवेतन शेजारच्या खोलीत बसणाऱ्या कर्मचाऱ्याला जसं, तसं आम्हालाही द्या. मराठवाड्यातून मुंबईच्या देवनारला आलेला आणि इक्वाडोरहून लंडनला आलेला, दोघांनी एकाच शब्दावर बोट ठेवलं होतं : आवाराचा.

मराठीत 'आपला' हा एक विलक्षण शब्द आहे. त्याचा एक अर्थ स्वतःचा, आणि दुसरा अर्थ तुझा-माझा मिळून सगळ्यांचा. 'आपला माणूस' म्हणताना दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. संघटनेची पावती हातात असलेला कामगार प्रथम स्वतःचा होतो आणि त्याच क्षणी इतरांचाही. ठेकेदाराच्या षष्ठीत या दोन्हींपैकी एकही होता येत नाही. मालकीला माणूस स्वतःचा चालत नाही, आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या माणसाशी त्याचं जमलेलंही चालत नाही.

सिलतऱ्याच्या फाटकावर उद्याही तोच प्रश्न विचारला जाईल. तो विचारणारा पहारेकरीही कुणाच्या तरी एजन्सीचा असतो, बारा तास उभा असतो, आणि टेंडर बदललं की त्याचीही पाटी पुसली जाते. प्रश्न दोघांनाही लागू आहे. त्या दोघांनी तो एकमेकांना विचारण्याऐवजी मिळून आत विचारला, त्या दिवशी उत्तर फाटकाच्या आतल्याला द्यावं लागेल.